पिवळं अस्तर

(सर्कशीच्या मोठ्या तंबूमागची कपड्यांची खोली. आजचा पहिला शो संध्याकाळी आहे. तंबूत तालमीचा ढोल संथ वाजतो आहे.)

वन्सं : हात वर कर. अगं वर म्हटलं की वर! झुल्यावर बरे जातात दोन्ही हात वर, इथंच काय धाड भरलीय त्यांना?

चिमणी : वन्सं, उशीर होतोय. तुमचा भाऊ कधीचा वर चढून बसलाय.

वन्सं : बसू दे. लहानपणी झाडाला उलटा लटकायचा, आता पगार घेऊन लटकतो, एवढाच काय तो फरक. तू आधी सांग, काखेत हे काय आहे?

चिमणी : घाम आहे.

वन्सं : घाम मलाही कळतो. दुसऱ्यांचे घामेजलेले कपडे उसवण्यात जन्म गेला माझा. घाम पिवळा असतो का?

चिमणी : रंग सुटला असेल.

वन्सं : कशाचा? कापड पांढरं, अस्तर पांढरं, दोरा पांढरा. परवा मशीनवरनं काढून तुझ्या हातात दिलाय हा पोशाख. पांढऱ्यातनं पिवळा रंग सुटतो होय गं?

चिमणी : मग ती खडूची पूड असेल. हाताला लावतो ना आम्ही, पकड घसरू नये म्हणून.

वन्सं : ती पण पांढरीच. आणि काखेत कधीपासून लावायला लागलात? हे बघ, माझ्याशी थापा मारू नकोस. त्या केशरी साटिनच्या पोशाखाचं अस्तर पिवळं पडलं, तेव्हा मी भर दुकानात त्या कापडवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. बिचारा शपथा घेत होता, बाई, रंग पक्का आहे. मी म्हटलं, तुझी जीभ पक्की आहे, रंग कच्चाच आहे. मिठाच्या पाण्यात बुडवला, अस्तर उसवून दुसरं लावलं. तेही पिवळं! तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. सगळं खापर साटिनच्या माथ्यावर. म्हणून तर हा पांढरा शिवला. आता कळलं. रंग कापडाचा नव्हताच. तुझ्या अंगातनं येतोय तो.

चिमणी : काहीतरीच तुमचं.

वन्सं : माझ्याकडे बघ. माझ्याकडे, आरशात नाही. डोळेपण पिवळट झालेत गं! कावीळ झालीय का तुला?

चिमणी : कावीळ नाही.

वन्सं : एवढं छातीठोकपणे सांगतेस?

चिमणी : नाहीच आहे, तर काय सांगू?

वन्सं : म्हणजे काय आहे, ते तुला ठाऊक आहे. थांब, टेप लावू दे कमरेला. श्वास आत ओढू नकोस. ओढायला उरलंयच काय म्हणा! दर आठवड्याला मी शिवण आत घेतेय. आता कापड संपलं आत घ्यायला. आणि जेवताना तर हल्ली ताटावर तुटून पडतेस. जातं कुठे सगळं?

चिमणी : मेहनत करते ना मी.

वन्सं : मेहनत तर तू लग्न होऊन आलीस तेव्हाही करत होतीस. आणि ही धाप कसली? उभ्या उभ्या धाप लागते का कुणाला?

चिमणी : वन्सं, तो पंखा जरा इकडे वळवा ना.

वन्सं : पंखा तुझ्याच तोंडावर आहे. बघू अंग. अगं बाई गं! इस्त्रीला हात लागावा तसा लागला. ताप आहे तुला.

चिमणी : ताप नाही हो, उष्णता झालीय.

वन्सं : उष्णता म्हणे!

चिमणी : खरंच. सकाळी तापाची गोळी घेतली, काही फरक नाही पडला. ताप असता तर उतरला नसता का? म्हणजे उष्णताच.

वन्सं : वा! वैद्यच झालीस की तू. पाय का लटपटतायत मग? बस इथं. बस म्हटलं ना. झेल्याला हाक मारते मी.

चिमणी : नको! वन्सं, तुमच्या पाया पडते, त्याला नको. सांगते मी. पण त्याला सांगणार नाही असं वचन द्या.

वन्सं : वचनबिचन काही मिळणार नाही. तुझा नवरा तो नंतर झाला, माझ्या कडेवर आधी होता. बोल तू.

चिमणी : माझ्या पावडर-लालीच्या पेटीत एक डबी आहे. त्यात पिवळ्या कॅप्सूल आहेत.

वन्सं : कसल्या?

चिमणी : चरबी जाळायच्या.

वन्सं : चरबी? तुझ्या अंगावर? अगं, तुझ्यापेक्षा जास्त चरबी माझ्या शिलाई मशीनला असेल! कुणी घातलं हे खूळ डोक्यात? तो काही बोलला का? नुसतं सांग मला, त्याचं तंगडंच तोडते.

चिमणी : तो कशाला बोलेल! खांद्याच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. तुम्हीच तर त्याला घेऊन गेला होतात. मी दाराबाहेर होते. बाई तुम्हाला म्हणाल्या, खांद्याचा सांधा झिजलाय, ओझं कमी करा, नाहीतर एक दिवस हात निसटेल.

वन्सं : हो, म्हणाल्या. मग?

चिमणी : मग त्याच्या खांद्यावर ओझं कुणाचं असतं, वन्सं? त्या विदूषकाचं? रोज दोन शोमध्ये उडी मारून कोण लटकतं त्याच्या हाताला? मीच ना ते ओझं!

वन्सं : अगं वेडे...

चिमणी : आधी मी गोळ्या नव्हत्या घेतल्या. आधी जेवण कमी केलं. अर्ध्या पोटी उठायची. तुम्ही विचारायचात, मी म्हणायची, बाहेर खाऊन आले. पहिल्यांदा उतरलं वजन. मग काटा जो चिकटून बसला तो बसलाच. आणखी कमी खाल्लं, तरी ढिम्म. उलट अंग गार पडायला लागलं, भर उन्हात शाल घेऊन बसायची मी. झोप सारखी. केस मूठमूठ गळायचे. पाळी थांबली.

वन्सं : पाळी थांबली? आणि मला वाटलं, आता आपल्या घरात पाळणा हलणार. वेडी मी, तुझ्यासाठी सैल झगा बेतून ठेवला.

चिमणी : माहितीय मला. बघितला मी तो झगा.

वन्सं : बघितलास, तरी बोलली नाहीस.

चिमणी : काय बोलणार? मग एक दिवस राहवलं नाही, पोटभर जेवले. चार दिवसांत होतं तेवढं वजन परत अंगावर, वर थोडं व्याज. मैदानापलीकडच्या व्यायामशाळेतल्या माणसाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, तुझं अंग कंजूष झालंय. त्याला कमी दिलंस, त्यानं खर्च कमी केला. हातात पडेल ते गाठीला बांधून ठेवतंय. ही गोळी घे, कंजुषाचा हात सैल होईल. खाणं-पिणं कमी करू नकोस, चरबी आपोआप जळेल.

वन्सं : आणि तू घेतलीस. वाटेवरच्या माणसाने दिली आणि घेतलीस.

चिमणी : वजन उतरलं की हो! भराभर उतरलं. तुमच्या भावाच्याच तोंडून ऐकलं मी. परवा म्हणाला, चिमणे, पिसासारखी आलीस हातात. खांदा दुखलासुद्धा नाही. इतकं बरं वाटलं मला. कितीतरी दिवसांनी त्याला रात्री गाढ झोप लागली, आणि मी शेजारी फरशीवर नुसत्या चादरीवर, अंगाची लाही लाही.

वन्सं : आणि काल जाळ्यात पडलीस, ती? ती कशी पडलीस?

चिमणी : काल...

वन्सं : झेल्या रात्री जेवला नाही. माझाच हात सुटला ताई, माझाच खांदा गेला, म्हणून डोकं धरून बसला होता.

चिमणी : त्याचा नाही हो सुटला. माझं मनगट निसटलं. घामाने पूड धुऊन गेली सगळी. त्याने तर नखं रुतेपर्यंत धरलं होतं, हे बघा ओरखडे. मी बोलले नाही. बोलले असते तर घाम का, म्हणून विचारलं असतं त्याने.

वन्सं : म्हणजे तो सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन बसलाय, आणि तू तोंडाला कुलूप लावून! देवा रे. फोन कुठाय माझा? डॉक्टरीणबाईंना लावते.

चिमणी : खांद्याच्या डॉक्टरांना यातलं काय कळणार?

वन्सं : तुझ्या त्या व्यायामशाळेवाल्यापेक्षा नक्की जास्त कळेल. आडवी हो तू. गप्प पड फरशीवर. हं... हॅलो, बाई? मी झेल्याची बहीण. सर्कशीतली. हो हो, खांदा. नाही, खांद्याचं नाही, भावजयीचं आहे. बाई, ही पोरगी चरबी जाळायच्या पिवळ्या गोळ्या खातेय आणि तिचा घाम पिवळा झालाय.

डॉक्टर : काय झालाय?

वन्सं : पिवळा. थांबा, आवाज मोठा करून फोन खाली ठेवते, म्हणजे तिलाही ऐकू येईल.

डॉक्टर : अंग गरम आहे का?

वन्सं : हात ठेववत नाही.

डॉक्टर : श्वास?

वन्सं : धाप लागलीय. पडल्या पडल्या.

डॉक्टर : नीट ऐका. मी गाडी पाठवते, पत्ता माहीत आहे मला, मैदानावरचा तंबू. तिला चालू देऊ नका. अंगातले घट्ट कपडे काढा, ओल्या चादरीत गुंडाळा, पंखा लावा. बर्फ मिळेल?

वन्सं : फाटकापाशी सरबताच्या गाड्यावर आहे. अरे ए, कोण आहे रे बाहेर? बर्फ आण! सगळा आण, लादीच उचलून आण! हं, बोला बाई.

चिमणी : डॉक्टर, तापाची गोळी घेतलीय मी. दुसरी घेऊ का?

डॉक्टर : नको, काहीही घेऊ नका. त्या गोळीचा इथे उपयोग नाही. ताप येतो तेव्हा डोकंच अंगाला सांगतं की गरम हो, गोळी डोक्याची समजूत घालते. तुमच्या डोक्याने तसं काही सांगितलेलं नाही. ते बिचारं घाम काढून काढून अंग गार करायला बघतंय.

चिमणी : मग तापतंय कशानं?

डॉक्टर : तुमच्याकडे जनरेटर असेल ना सर्कशीत?

वन्सं : आहे ना. ढग गडगडावा तसा आवाज करतो.

डॉक्टर : त्याचा पट्टा काढून टाकला आणि इंजिन तसंच फुल चालू ठेवलं, तर?

वन्सं : डिझेल जळेल. दिवा एकही लागणार नाही. इंजिन तापून फुकट जाईल.

डॉक्टर : तेच चाललंय. आपण खातो ते अंग हळूहळू जाळतं आणि त्यातनं ताकद काढतं. उरलं तर चरबी करून ठेवतं. ह्या गोळीने मधला पट्टाच निघतो. अन्न जळतं, चरबी जळते, ताकद मिळत नाही, नुसती धग उठते. आणि ताकद मिळत नाही म्हणून अंग अजूनच जोरात जाळायला लागतं.

वन्सं : ऐकलंस? आणि हिला मी चिमणी म्हणायचे, बाई. सर्कशीत आली तेव्हा मीच ठेवलं नाव, पाखराचं म्हणून. ही झाली ती दुसरीच चिमणी, रॉकेलची. तेल पिऊन काजळी धरणारी.

चिमणी : पण तो म्हणाला होता, माझं अंग कंजूष झालंय.

डॉक्टर : कंजूष नाही हो, शहाणं झालं होतं. घरात दाणे कमी दिसले की शहाणी बाई चूल बारीक करते. चरबी कमी झाली की ती खबर डोक्याला जाते, आणि डोकं सगळीकडचा खर्च आखडतं. अंग गार ठेवतं, पाळी थांबवतं, भूक वाढवतं, मिळेल ते साठवतं. तुम्हाला जगवायला चाललं होतं ते सगळं. पण वजन कमी करायला निघालात कशाला? मी तुम्हाला पाहिलंय, तुम्ही जाड कधीच नव्हता.

चिमणी : तुम्हीच म्हणालात ना. त्याच्या खांद्यावरचं ओझं कमी करा.

डॉक्टर : मी?

वन्सं : दाराबाहेरनं ऐकलं बाई हिनं. ओझं म्हणजे आपणच, असं धरून बसली.

डॉक्टर : अहो, मी शोबद्दल बोलत होते. दिवसाला दोन आहेत, त्याचा एक करा. सामानाच्या पेट्या उचलू देऊ नका. एवढंच म्हणायचं होतं मला. तुम्ही आत यायला हवं होतं.

चिमणी : हो. यायला हवं होतं.

वन्सं : रडू नकोस. रडू नकोस गं पोरी, अंगातलं पाणी आधीच चाललंय. हा बर्फ आला बघ. काखेत ठेवते, थोडं सोस. बाई, ह्यावर उतारा काय? सुई, सलाईन, काय लागेल ते सांगा, मालकाकडनं आगाऊ पगार आणते मी.

डॉक्टर : सलाईन लावू. अंग गार ठेवू.

वन्सं : ते झालं. उतारा?

डॉक्टर : ह्याला उतारा नाही.

वन्सं : नाही म्हणजे?

डॉक्टर : विझवायचं औषध नाही. आतलं संपेपर्यंत अंग थंड ठेवायचं आणि वाट बघायची. आणि ते चटकन जात नाही अंगातनं, आधीच्या गोळीतलं उरतं त्यावर नवी पडते. पण ह्या बोलतायत, शुद्धीवर आहेत, लवकर कळलंय आपल्याला. ही मोठी गोष्ट आहे. शेवटची कधी घेतली?

चिमणी : काल सकाळी. पडल्यावर भीती वाटली, मग नाही घेतली. आजपण नाही.

डॉक्टर : चांगलं केलंत. ती डबी माझ्याकडे घेऊन या. आत काय आहे ते बघावं लागेल. आणि किती उरल्यात, त्यावरून अंदाज येईल मला.

वन्सं : कुठं म्हणालीस? पेटीत?

चिमणी : खालच्या कप्प्यात. कापसाखाली. निम्मी भरलेली आहे.

वन्सं : ही का?

चिमणी : हीच.

वन्सं : ही रिकामी आहे.

चिमणी : असं कसं? नीट बघा, कापूस बाजूला करा. काल सकाळी निम्मी होती.

वन्सं : आंधळी नाही मी. तळाला नुसती पिवळी भुकटी आहे.

डॉक्टर : हॅलो? काय झालं?

चिमणी : दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही डबी. फक्त...

वन्सं : फक्त काय?

चिमणी : त्याने एकदा बघितली होती हातात. विचारलं, कसल्या गोळ्या गं? काय सांगणार होते मी?

वन्सं : काय सांगितलंस?

चिमणी : म्हटलं, ताकदीच्या आहेत.

वन्सं : ताकदीच्या...

चिमणी : हसला तो. म्हणाला, मग मलाच जास्त गरज आहे. थट्टेत म्हणाला हो. मीपण हसले. वन्सं, तो नाही घेणार. मला न विचारता पेटीला हातसुद्धा लावत नाही. वन्सं? तुम्ही अशा का बसलात?

वन्सं : त्याचे गंजीफ्रॉक.

चिमणी : काय?

वन्सं : गेल्या आठवड्यापासून त्याचे गंजीफ्रॉक पिवळे निघतायत धुण्यात. मी म्हटलं, तुझ्या साटिनबरोबर भिजवले, त्याचाच रंग लागला. त्यावरनंच तर जास्त भांडले त्या कापडवाल्याशी. माझ्या भावाचेसुद्धा कपडे नासवलेस म्हणून.

चिमणी : नाही. नाही हो.

वन्सं : आणि कमरेचा पट्टा आत घेतलाय त्याने. मीच चिडवलं, पोट उतरलं म्हटलं, नवरदेव दिसतोस. सकाळपासून कळशीला तोंड लावून पाणी पितोय. मी म्हटलं, रात्री जेवला नाहीस म्हणून तहान लागलीय.

चिमणी : काल मी पडले म्हणून... त्याला वाटलं त्याचा हात सुटला. म्हणून उरलेल्या सगळ्या...

डॉक्टर : थांबा. थांबा जरा. त्यांनीही घेतल्यात? एकदम निम्मी डबी?

वन्सं : डबी रिकामी आहे, बाई. एवढंच दिसतंय मला.

डॉक्टर : ते आत्ता कुठे आहेत? त्यांना झोपवा, ताबडतोब. पळापळ नको, चढउतार नको, ऊन नको. कुठे आहेत ते?

चिमणी : वन्सं, ढोल अजून वाजतोय. संथ वाजतोय ना? मी पोचले नाही की तो तसाच वाजवायला सांगतो.

डॉक्टर : हॅलो? कुठे आहेत तुमचे भाऊ?

वन्सं : वर आहे, बाई. तंबूच्या छताला. उलटा लटकून, दोन्ही हात पसरून हिची वाट बघतोय.